वाचले म्हणतेस, तर दाखव

पितृपक्षात लोक पितरांना जेवू घालतात. आमच्या घरमालकीण काकू पितृपक्षात बाजार पालथा घालायच्या. गणपती गेले की दोन दिवसांत, सकाळी पोटभर भाकरी खाऊन, काखोटीला काळी छत्री मारून त्या मानिक चौकाकडे निघायच्या. भांड्यांचं दुकान, मिक्सर-पंख्यांचं दुकान, साड्या, चादरी, गाद्या. एकेक पायरी चढायच्या, दिसेल त्या वस्तूचा भाव विचारायच्या, ती उलटीपालटी करून बघायच्या आणि दुपारी हात हलवत घरी यायच्या. पंधरा दिवस हाच उद्योग.

त्या पंधरवड्यात झाशीत सहसा कुणी नवी वस्तू घरात आणत नाही. दुकानदार माश्या मारत बसलेले असतात. काकूंचं म्हणणं असं, की दुकानदार वर्षातले पंधरा दिवस खरं बोलतो आणि ते हेच. गिऱ्हाईक नाही, घाई नाही, दिवाळीची पाटी अजून रंगवायची आहे. तेव्हा विचारलेला भाव तो खरा भाव. नवरात्र लागलं की आधी भाव चढतो आणि मग त्याच्यावर सूट बसते. आधी पोट फुगवायचं आणि मग पट्टा आवळून दाखवायचा, असं त्या म्हणायच्या. दिवाळीपर्यंत शे-दीडशे वस्तूंचे भाव त्यांना तोंडपाठ असत. कागदावर कधी एक आकडा लिहिला नाही. लिहिलं की डोकं आळशी होतं म्हणे. मला तर अजून नवऱ्याचा फोन नंबर पाठ नाही.

मला वाटायचं, हे दुकानदार बाईला हाकलून कसे देत नाहीत. एकदा मी सोबत गेले तर भांडेवाल्याने आधी त्यांना स्टूल दिलं, मग चहा मागवला. मला हळूच म्हणाला की पिछले साल कुकर किस भाव बेचा था, हे त्याला स्वतःला आठवत नाही, तो माताजींनाच विचारतो. काकूंनी चहा पीत पीत तीन वर्षांचे भाव सांगितले. तो मान डोलावत राहिला.

आम्ही त्यांच्याकडे राहायला आलो ते नाइलाजाने. नवऱ्याला इथल्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली होती, पण कॉलनीतलं क्वार्टर मिळायला वेळ होता. साताऱ्याकडची आम्ही माणसं, इथं ना ओळख ना पाळख. दतिया गेटजवळ एक मराठी बाई माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने देतात, असं कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं. त्याच या काकू. उंच, काटकुळ्या, साडीवर मिलिटरी कॅन्टीनमधले पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. ते घड्याळ सुभेदारांचं. नवऱ्याला त्या सुभेदारच म्हणायच्या. कोल्हापूरकडचा माणूस, नोकरीभर देश फिरला, शेवटची बदली झाशीला झाली आणि इथं जागा स्वस्त मिळाली म्हणून इथंच घर बांधून बसला. आम्ही आलो तेव्हा त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

पहिल्या दिवशी सामान वर चढत होतं आणि काकू जिन्यापाशी उभ्या राहून मोजत होत्या. माझी नवी कोरी लाल सूटकेस आली तशी त्यांनी ती थांबवली. कितीला घेतली विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की सेलमध्ये घेतली, दोन हजारांना, चक्क तीन हजार वाचले.

"कुठायत?" काकू म्हणाल्या.

"काय?"

"वाचलेले तीन हजार. वाचले म्हणतेस, तर दाखव की."

मला वाटलं बाईचा एक स्क्रू ढिला आहे. रात्री नवऱ्याला तसं बोललेही. पण झोप येईना. खरंच, कुठे गेले ते तीन हजार? पाच हजारांची वस्तू दोन हजारांना आणली, म्हणजे तीन हजार कुठेतरी असायला हवेत. पर्समध्ये नव्हते, बँकेत नव्हते. माझ्या खात्यात फक्त दोन हजार कमी झालेले होते.

काकूंचं सगळं शास्त्र या एका प्रश्नावर उभं होतं. सेलमध्ये जी काही वस्तू घ्याल, तिच्यावर जितके वाचले तितके रोख पैसे त्याच संध्याकाळी एका डब्यात टाकायचे. टाकता आले तर वाचले. टाकता आले नाहीत, तर तुम्ही नुसता खर्च केलात आणि दुकानदाराने तुमची पाठ थोपटली.

माझी हकिगत त्यांनी पहिल्या आठवड्यातच काढून घेतली. मी बीएस्सी झालेली. लग्नाआधी दोन वर्षं गावाकडच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं, हंगामी. बी.एड. असल्याशिवाय कायम कुणी घेणार नव्हतं. लग्न ठरताना नवरा म्हणाला होता, करू की बी.एड. लग्नानंतर म्हणाला, पुढच्या वर्षी करू. तो वाईट नाही हो माझा नवरा. पगारातला निम्मा भाग गावी जायचा, धाकट्या दिराचं शिक्षण, सासऱ्यांची औषधं. त्याच्या 'पुढच्या वर्षी'त खोट नव्हती, फक्त ते वर्ष यायचं नाव घेत नव्हतं. मला मात्र दिवसभर त्या माडीवर बसून वेड लागायची पाळी आली होती. वर्गात उभं राहून फळ्यावर लिहायचं, चाळीस डोकी आपल्याकडे बघताहेत, याची मला भूक लागायची, अगदी पोटात लागते तशी. हे मी काकूंना सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. काकू उठल्या. तुपाचा एक रिकामा डबा घासून आणला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, हा तुझ्या फीचा. ठेवायचा मात्र माझ्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या पिंपावर. तुझ्याकडे ठेवलास तर महिन्यात उपडा पडेल.

सेलला जायचे त्यांचे नियम होते आणि ते शाळेतल्या प्रार्थनेसारखे पाळले जायचे. उपाशीपोटी सेलमध्ये जायचं नाही. रिकाम्या पोटी देवळात जावं, दुकानात जाऊ नये. त्यामुळे धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बाहेर पडायच्या आधी त्या मला समोर बसवून पिठलं-भाकरी खायला घालायच्या आणि वर अजून घे, अजून घे करायच्या. इतकं खाल्ल्यावर माणसाला चालवतही नाही, खरेदी कुठली करणार. दुसरा नियम, एका फेरीला एकच वस्तू. दुसरी आठवली तर घरी यायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा जायचं. दहातल्या नऊ वेळा माणूस पुन्हा जात नाही.

मोबाईलवरच्या सेलसाठी वेगळा कायदा. काकू मोबाईल चांगला चालवायच्या, माझ्यापेक्षा चांगला. आवडलेली वस्तू टोपलीत टाकायची आणि नऊ दिवस आढीत घातल्यासारखी ठेवून द्यायची. रोज एकदा उघडून बघायची. ज्या वस्तूला बघायचं एखाद दिवशी विसरलात ती काढून टाकायची, कारण तिच्यावाचून तुमचं अडलेलं नव्हतं. नऊ दिवस रोज आठवण झाली तर ती पिकली, घ्या. मी म्हणायचे, अहो काकू, सेल आज रात्री संपतोय, खाली घड्याळ पळतंय, दोनच तास उरलेत म्हणून लिहिलंय. त्या चष्म्यावरून त्या घड्याळाकडे बघायच्या. "उरू देत. चार वर्षं झाली, यांचे दोनच तास उरलेत."

एकावर एक फुकट हा प्रकार त्यांना अजिबात खपायचा नाही. हायवेवरच्या मोठ्या दुकानात एकदा चादरींची तशी ऑफर होती. काकूंना चादर हवी होती एक. काउंटरवर त्या शांतपणे म्हणाल्या की मला एकच द्या, दुसरी तुम्ही ठेवा, पैसे निम्मे घ्या. पोराने आधी चादरीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर इंग्रजी-हिंदीत ऑफर समजावू लागला, मागे रांग वाढली, माझा चेहरा लाल. काकूंनी मग रांगेकडे तोंड केलं आणि मोठ्याने विचारलं, चादर किस-किस को एक ही चाहिए? मागून एक बाई पुढे आली, बरुआसागरहून भाचीच्या लग्नाची खरेदी करायला आलेली, डोक्यावर पदर. दोघींनी मिळून जोड घेतली, पैसे अर्धे अर्धे, आणि चादर कुणी कोणती घ्यायची यावर दुकानाबाहेर वीस मिनिटं गप्पा. ती बाई काकूंना जिज्जी म्हणू लागली, म्हणजे थोरली बहीण. अजून दर थंडीत बरुआसागरच्या बसने पिशवीभर ताजं आलं पाठवते. काकू म्हणायच्या, फुकट मिळाली ती ही बाई.

माझी पहिली दिवाळी मात्र मी चांगलीच गाजवली. पितृपक्षाचं महत्त्व मला तेव्हा कळलेलं नव्हतं. भाव-बिव काढायला कोण जातंय म्हणून मी सरळ धनत्रयोदशीला गेले आणि मिक्सर घेऊन आले. खोक्यावर छापील किंमत नऊ हजार, मला मिळाला साडेतीन हजारांना. नाचत घरी आले. पण नियम म्हणजे नियम. साडेपाच हजार वाचले होते, संध्याकाळी दिवे लागायच्या आत मी ते काढले आणि काकूंच्या पिंपावरच्या डब्यात टाकले. काकू अंगणात दिवे लावत होत्या, त्यांनी विचारलं, टाकलेस ना? मी म्हटलं टाकले. किती, ते त्यांनी विचारलं नाही.

पुढचा महिना आम्ही जो काढला तो आम्हालाच माहीत. घरात इतकी बचत झाली होती की भाजी आणायला पैसे नव्हते. सकाळी खिचडी, रात्री कढी-भात, मध्ये चहा. नवरा कामावरून येऊन ताटाकडे बघायचा आणि माझ्याकडे बघायचा. एका रात्री त्याने फार जपून विचारलं, की आपण किती दिवस असं वाचवायचं. मी कारखान्यातल्या शिकलेल्या माणसाला हिशोब समजावून सांगितला की आपले साडेपाच हजार वाचले आहेत म्हणून आपल्याकडे पैसे नाहीत. त्यालाही पटला, हे विशेष.

महिनाअखेरीला मी काकूंकडे वाटीभर डाळ मागायला गेले आणि सगळं बाहेर आलं. काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली. मग खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अगं खुळे, छापील किमतीवरून मोजतात का कुणी? ती किंमत फक्त छापायची असते, तिला आजवर कुणी तो मिक्सर विकलेला नाही. पितृपक्षात तो सदतीसशेला होता, त्यांनी स्वतः विचारला होता. म्हणजे माझे वाचले होते दोनशे रुपये. त्यांनी डबा उतरवला, दोनशे ठेवून बाकीचे माझ्यापुढे धरले. मी हात पुढे केला तसा त्यांनी हात मागे घेतला.

"घे, तुझेच आहेत. पण एक सांग, महिनाभर यांच्यावाचून मेलात का दोघं?"

मी नाही म्हटलं. मग सगळे कशाला नेतेस, म्हणाल्या. मी अडीच हजार उचलले, तीन हजार डब्यात राहिले. त्या रात्री आम्ही पनीर खाल्लं आणि नवऱ्याने काकूंना आयुष्मान भव वगैरे आशीर्वाद दिले, वयाने लहान असून.

काकूंना एक मुलगी. मी तिला ताई म्हणायचे. जवळच बबिन्याला एका स्थायिक मराठी घरात दिलेली. दर रविवारी बसने यायची, आईचे पाय चेपायची, औषधं बघायची, गॅस सिलिंडर बदलून जायची. हुशार बाई, बोलणं मोजकं. माझी बारावीच्या भौतिकशास्त्राची जुनी पुस्तकं होती, त्यातलं एखादं उचलून ती जिन्यात उभ्या उभ्या वाचायची आणि कुणी आलं की मिटून ठेवायची. आईवर तिचा जीव होता. पण बापाचा विषय निघाला की उठून जायची. सुभेदारांचा फोटो हॉलमध्ये होता, त्याच्याकडे पाठ होईल अशाच खुर्चीत बसायची. सुभेदारांची तिथी पितृपक्षातच येई. त्या एका दिवशी काकू बाजाराला जात नसत, पुरणावरणाचा स्वयंपाक करून त्यांच्या नावाचं पान मांडत. आणि नेमकं त्याच दिवशी दर वर्षी ताईचं काहीतरी निघायचं. पोराची परीक्षा, नाहीतर सासूचा गुडघा. काकू कावळ्यासाठी घास ठेवून गच्चीत एकट्याच उभ्या राहायच्या. मी विचारलं नाही, पण मला ते खुपायचं. मेलेल्या माणसावर इतका राग कोण धरतं?

ते कळलं आमच्या दुसऱ्या दिवाळीला.

त्या वर्षी मी शहाणी झाले होते. काकूंबरोबर पितृपक्षात पायपीट केली, भाव पाठ केले, नऊ दिवसांत माझ्या टोपलीतल्या अकरा वस्तूंमधल्या नऊ नासल्या. डबा जड झाला होता. वर्षभरातले वाचलेले, न घेतलेल्या वस्तूंचे, नवऱ्याने न पाहिलेले असे मिळून तीस हजारांच्या वर गेले होते. येत्या पावसाळ्यात बी.एड.ला नंबर लागला तर अर्ध्याहून जास्त फी निघत होती. आणि त्याच दिवाळीत माझ्या नवऱ्याला टीव्ही चावला. भिंतभर टीव्ही, निम्मी किंमत, फक्त आजच्या दिवस. माणूस क्रिकेटवेडा, दोन वर्षं मोबाईलच्या चार बोटं पडद्यावर मॅच बघत होता, मला त्याची दया यायची. तो काही हिसकावून घेणारा नव्हता. माझ्याजवळ बसून म्हणाला, तुझी फी भरायला अजून आठ महिने आहेत, तोवर आपण डबा परत भरून काढू, असा भाव पुन्हा मिळायचा नाही. मला पटलं. खरं सांगते, नव्वद टक्के पटलं.

मी खाली जाऊन काकूंना म्हटलं, डबा द्या. का, ते सांगितलं. काकूंनी खुर्चीवर चढून डबा उतरवला, पुसला, माझ्या हातात दिला. मला वाटलं रागावतील. रागावल्या नाहीत.

"तुझे पैसे, तुझं घर. ने. पण एक ऐकून ने," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरीचा पुण्याला इंजिनियरिंगला नंबर लागला होता. इथल्या कँटोन्मेंटातली पहिली पोर. फी भरायला आठ दिवस दिले होते. आणि आधीच्या दिवाळीत आमच्या सुभेदारांना सेलचं वारं लागलेलं. फ्रीज, वॉशिंग मशीन, सोफा, सगळं निम्म्या किमतीत. चाळीस हजार वाचले म्हणून क्वार्टरांच्या लाइनीत पेढे वाटले आम्ही. आठ महिन्यांत भरून काढू, असंच म्हणणं होतं. फीची तारीख आली तेव्हा चाळीस हजारच कमी पडत होते."

मग काय झालं, मी विचारलं. काय होणार, त्या म्हणाल्या. सोफ्यावर बसून रडली. दोन वर्षांनी बबिन्याचं स्थळ आलं. बापाशी पुढे कामापुरतं बोलली. ते गेले तेव्हा आली, सगळं केलं, पण डोळ्यांतून टिपूस नाही काढलं.

मी डबा घेऊन वर गेले. नवऱ्यापुढे ठेवला आणि ऐकलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसला. मग उठला, पायात चपला सरकवल्या आणि डबा घेऊन स्वतः खाली गेला. जिन्यातून मला ऐकू आलं, तो काकूंना विचारत होता की पिंपावर नेमका कुठे ठेवायचा. त्या मोसमातल्या सगळ्या मॅच त्याने काकूंच्या खोलीतल्या जुन्या बारक्या टीव्हीवर पाहिल्या. चेंडू दिसत नाही म्हणून कुरकुर करायचा आणि काकू त्याला शेंगदाणे द्यायच्या.

पावसाळ्यात माझा नंबर लागला. कॉलेज झाशीतच, घरापासून दोन रिक्षा बदलून. डब्यातले होते त्यात नवऱ्याने बोनसचे घातले आणि पूर्ण फी जमली. मोबाईलवरून भरता येत होती, पण काकूंनी हट्ट धरला की खिडकीवरच भरायची आणि त्या स्वतः सोबत येणार. मी घाबरलेच. ही बाई औषधाच्या दुकानातही घासाघीस करते. वाटेत मी तीनदा बजावलं, काकू, तिथं भाव करायचा नसतो. त्या रिक्षातून बाहेर बघत होत्या.

खिडकीवरच्या बाबूने कागद पाहिले. भला माणूस होता. म्हणाला, माताजी, आधी फीस अभी भर दीजिए, बाकी बाद में भी चलेगी. मी काकूंकडे पाहिलं. आता या सुरू होणार.

"नहीं भैया. पूरी लीजिए," काकू म्हणाल्या. "और रसीद इसके नाम की बनाइए."

पैसे माझ्या हातातून त्यांनी घेतले आणि स्वतःच्या हाताने आत सरकवले.

बाहेर कडुलिंबाखाली बाक होता. काकू बसल्या, पाणी प्यायल्या आणि ताईला फोन लावला. कानाने कमी ऐकू यायचं म्हणून त्या नेहमी स्पीकरवर बोलायच्या. मी उठून जायला लागले तर त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं.

हिची फी भरली, त्यांनी सांगितलं. ताईला बरं वाटलं, तिने माझं अभिनंदन केलं. मग काकू म्हणाल्या, "ऐक. तुझ्या फीचे पैसे बाबांनी नाही उडवले. ते बबिन्याच्या कॅम्पवर होते तेव्हा. मी उडवले. फ्रीज मी आणला, सोफा मी आणला. त्यांनी मात्र तुझ्यापुढे सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. पोर आईवर रुसली तर घर मोडतं, म्हणाले. आणि मी गप्प बसले."

पलीकडे चालू असलेला नळ बंद झाला.

"आज का सांगतेस?" ताई म्हणाली.

"आज पैसे आत सरकवले ना, तर दोन मिनिटं लागली गं. तेवढंच करायचं होतं तुझ्या वेळी. चुकलं माझं."

ताईने फोन ठेवला. काकू तशाच हातात फोन धरून बसल्या. राग आला होता मला त्यांचा, खोटं कशाला बोलू. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर वर्षानुवर्षं स्वतःचं पाप ठेवून ही बाई आम्हाला बचत शिकवत होती. आणि त्याच वेळी मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटत होतं, कारण त्या डब्यातला एकेक रुपया माझ्या हातून त्यांनीच वाचवून घेतला होता. शेवटी मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि रिक्षात बसवलं.

पुढच्या रविवारी ताई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गॅस सिलिंडर नवऱ्याने बदलला. गणपती आले, गेले, पितृपक्ष लागला, आणि काकू बाजाराला गेल्या नाहीत. माझं कॉलेज सुरू झालं होतं. येता-जाता मानिक चौकातून गेले की भांडेवाला विचारायचा, माताजी ठीक तो हैं? मी म्हणायचे, ठीक आहेत. ठीक कसल्या, दिवसभर दाराकडे तोंड करून बसलेल्या असत. जेवायला वर बोलावलं की दोन घास खाऊन उठत.

तिथीच्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारली आणि सकाळपासून त्यांच्या हाताखाली होते. पुरण शिजलं, वडे झाले, खीर झाली. काकूंनी फोटो पुसून पाटावर ठेवला, समोर केळीचं पान मांडलं आणि वाढायला वाटी उचलली. तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं.

ताई होती. प्रवासाने साडी चुरगळलेली, खांद्याला पिशवी. आईकडे तिने पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मोरीत जाऊन हातपाय धुतले, पदर खोचला आणि येऊन फोटोसमोर उभी राहिली. मग रडायला लागली, बाबा गेल्यावरची सहा वर्षं आणि वर झालेली दोन, सगळं मिळून एकदम रडली. काकू वाटी हातात धरून जागच्या जागी उभ्या होत्या, पुढे जायची त्यांची हिंमत होत नव्हती.

ताईने डोळे पुसले आणि आईपुढे हात केला.

"दे इकडे," ती म्हणाली. "बाबांचं पान मी वाढते."